फ्लेमिंग यांनी आधीच सांगून ठेवलं होतं

सर अलेक्झांडर फ्लेमिंग हे नाव आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेलं आहे. माझ्या कॉन्व्हेंटच्या सायन्सच्या पुस्तकात त्यांच्यावर एक छोटी चौकट होती. विसरलेली प्लेट, तिच्यावर बुरशी, आणि लागला शोध! एका मार्काचा प्रश्न हमखास. पण मित्रहो, त्या चौकटीत हा माणूस मावला नव्हता, आणि त्याने सांगितलेली सर्वांत कामाची गोष्ट तर तिथे नव्हतीच. इंजिनिअरिंगच्या मासिकात डॉक्टरचं चरित्र कशाला, असं वाटत असेल तर जरा थांबा. यात काचकाम आहे, मोठ्या टाक्या आहेत आणि आपल्या सर्वांच्या लाडक्या व्हायव्हातला फेल्युअर मोडसुद्धा आहे.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधल्या डार्व्हेल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. आठ भावंडांत ते सातवे. सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे ते लंडनला भावाकडे आले, थोडंफार शिकले आणि एका जहाज कंपनीच्या ऑफिसात चार वर्षं कारकुनी केली. वयाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे आज मी आहे त्याच वयात, काकांच्या वारशातून थोडे पैसे हाती आले आणि त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. कॉलेज कसं निवडलं? सेंट मेरीज हॉस्पिटलच्या टीमविरुद्ध ते वॉटर पोलो खेळले होते, म्हणून सेंट मेरीज! ब्रँचपेक्षा कॅन्टीन बघून ॲडमिशन घेणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल. १९०६ मध्ये ते पास झाले. तिथल्या रायफल क्लबला चांगला नेमबाज सोडायचा नव्हता, म्हणून त्यांना सर अल्मरॉथ राइट यांच्या लॅबमध्ये जागा मिळवून दिली गेली. ते जन्मभर सेंट मेरीजचेच राहिले.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समधल्या बुलोन इथल्या लष्करी हॉस्पिटलात होते. गोळी लागलेले सैनिक गोळीने कमी आणि जखम सडून जास्त मरताना त्यांनी पाहिले. तेव्हा जखमेत जंतुनाशक ओतण्याची पद्धत होती. फ्लेमिंग यांना तिच्याबद्दल शंका आली. ते काचकामात पटाईत. त्यांनी काचेची नळी तापवून तिला काट्यांसारखी टोकं ओढली आणि खऱ्या जखमेच्या कपारींचं मॉडेल तयार केलं. त्यात जंतू असलेला द्रव भरला, ओतून टाकला, मग जंतुनाशक भरलं, तेही ओतलं. शेवटी स्वच्छ द्रव भरून ठेवला, तर जंतू पुन्हा वाढले! औषध त्या टोकांपर्यंत पोहोचतच नव्हतं. वर शरीराच्या पांढऱ्या पेशी मात्र त्याने मरत होत्या. आपल्या भाषेत याला एक्सपरिमेंटल मॉडेल म्हणतात.

युद्धावरून परतल्यावर त्यांचा शोध एकच होता: जंतूंना मारेल पण माणसाला नाही असं काहीतरी. १९२१ मध्ये त्यांना स्वतःच्या सर्दीच्या शेंबडात लायसोझाइम सापडलं. ते आपल्या अश्रूंतही असतं, पण घातक जंतूंपुढे त्याचं फारसं चालत नव्हतं. मग ३ सप्टेंबर १९२८ चा तो दिवस. सुट्टीवरून आलेले फ्लेमिंग जुन्या प्लेटा चाळत होते. स्टॅफिलोकोकस जंतूंच्या एका प्लेटवर बुरशी आली होती आणि तिच्या भोवतालचे जंतू विरघळून गेले होते. दुसऱ्या कोणी ती प्लेट धुवायला टाकली असती. त्यांनी ठेवून घेतली, कारण असंच काहीतरी शोधण्यात त्यांची दहा वर्षं गेली होती. त्याला आपण नशीब म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

बुरशीच्या रसाला त्यांनी पेनिसिलिन नाव दिलं आणि १९२९ मध्ये पेपर छापला. काही जातींच्या जंतूंवर त्याचा परिणाम होत नाही, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवलं. पण ते शुद्ध करणं त्यांना जमलं नाही. ते काम ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केलं. २५ मे १९४० रोजी त्यांनी ८ उंदरांना जंतू टोचले, त्यांपैकी ४ उंदरांना पेनिसिलिन दिलं. औषध न मिळालेले चारही सकाळपर्यंत मेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला औषध टोचलं. तो झपाट्याने सुधारला, पण औषध संपलं. त्याच्या लघवीतून काढून पुन्हा टोचलं, तरी पुरलं नाही आणि तो गेला. पुढे अमेरिकेत हवा खेळवलेल्या प्रचंड टाक्यांमध्ये ही बुरशी वाढवली गेली, तेव्हा कुठे औषध सगळ्यांना पुरायला लागलं. केमिकलवाल्या मित्रांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आता खरी गोष्ट. त्या पोलिसाला सुई टोचण्याच्या आधीच, डिसेंबर १९४० मध्ये, चेन आणि अब्राहम यांनी पेनिसिलिन फोडून टाकणारं एक एन्झाइम जिवाणूंमध्ये सापडल्याचं छापलं होतं. म्हणजे औषध बाजारात यायच्या आधी त्याचा तोड तयार होता! बुरशी आणि जिवाणू यांचं भांडण माणसापेक्षा कितीतरी जुनं आहे.

फ्लेमिंग यांना हे पूर्ण कळलं होतं. १९४५ चं नोबेल त्यांना फ्लोरी आणि चेन यांच्यासोबत मिळालं. सगळं जग डोक्यावर घेऊन नाचत असताना या अबोल माणसाने डिसेंबरमधल्या नोबेल व्याख्यानात धोका सांगितला. पेनिसिलिन कोणालाही दुकानात मिळू लागेल, लोक ते कमी मात्रेत घेतील, जंतू मरणार तर नाहीतच, उलट त्याला सरावतील. त्यांनी एक काल्पनिक गोष्टही रचून सांगितली. घसा दुखतो म्हणून एक माणूस थोडंसंच पेनिसिलिन घेतो, त्याचे सरावलेले जंतू बायकोला लागतात आणि तिच्यावर औषध चालत नाही. चूक एकाची, जीव दुसऱ्याचा. आपलं मशीन कुठे मोडेल हे बक्षीस घेताना सांगणारा डिझायनर तुम्ही पाहिलाय का?

माझं गाव कारधा, भंडाऱ्याच्या समोर, वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर. आमच्याकडे नदीची पातळी मोजतात आणि पावसाळ्यात ती रोज पेपरात येते. धोक्याची रेघ पूर यायच्या आधी ठरवलेली असते, घरात पाणी शिरल्यावर नाही. फ्लेमिंग यांचं व्याख्यान म्हणजे तशी रेघ होती. पण पाणी चढतच गेलं. १९४८ पर्यंत लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात मेरी बार्बर यांना आढळलं, की तिथल्या रुग्णांमधले निम्म्याहून जास्त स्टॅफिलोकोकस पेनिसिलिनला दाद देत नाहीत.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग हृदयविकाराने वारले. सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांची रक्षा पुरली आहे. त्याच वर्षी आपल्या पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात, पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. साध्या जखमेने माणसं दगावायची, ती वाचू लागली. आमच्या आबाजींच्या पिढीला या इंजेक्शनचं किती अप्रूप होतं ते त्यांच्याकडूनच ऐकावं.

आणि याच आबाजींच्या बाबतीत मी पाण्याची ती पातळी जवळून पाहिली. रोवणीच्या दिवसांत बांधीत त्यांच्या पायाला पत्रा लागला. गावातल्या बहुतेकांसारखं त्यांचंही वर्षानुवर्षं तसंच चालायचं, ताप आला की दोन गोळ्या, बरं वाटलं की बंद. जखम चिघळली, मोठ्या दवाखान्यात भरती केलं, ऑपरेशन झालं आणि तिथेच दुसरा संसर्ग लागला. कल्चरचा रिपोर्ट मी वाचला. औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. आर, आर, आर... शेवटी दोनच ओळींपुढे ‘एस’. त्यातलं एक किडनीला सोसणारं नव्हतं. उरलेल्या एकावर आबाजी वाचले, पायाची दोन बोटं गेली. ते जंतू त्यांच्या गोळ्यांनी तयार झाले की शेजारच्या खाटेवरून आले, हे कोणीच सांगू शकत नाही. फ्लेमिंग यांच्या गोष्टीत तरी दुसरं काय होतं?

हे ‘आर’ येतं कुठून? पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमला जाऊन चिकटतं, मग भिंत अर्धवट राहते आणि जिवाणू फुटतो. काही जिवाणूंकडे औषध कापणाऱ्या कात्रीचा जीन असतो. काहींकडे बदललेल्या एन्झाइमचा जीन असतो, त्याला औषध चिकटतच नाही. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये नोंदवलेला एमआरएसए या दुसऱ्या प्रकारातला. यातले पुष्कळ जीन प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळावर असतात आणि ते पेन ड्राइव्हसारखं एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातं! अँटिबायोटिक हे जीन बनवत नाही, ते नसलेल्यांना मारून असलेल्यांना मैदान मोकळं करून देतं. आणि हॉस्पिटल म्हणजे तर असं मैदान, की जिथे औषधं भरपूर, नळ्या-कॅथेटर भरपूर आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाणारे हातही भरपूर. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये छापलं, की कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ जणांकडे एनडीएम-१ हा जीन होता.

१ मार्च २०१४ पासून आपल्याकडे शेड्यूल एच-१ लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते. कायदा झाला, पण परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर घसा दुखला की रूममेटच्या डब्यातली उरलेली गोळी आपण काढतोच ना? सर्दी बहुधा व्हायरसची असते, तिला ती गोळी काही करत नाही. पोटातल्या बिचाऱ्या जिवाणूंची मात्र निवड होऊन जाते.

पुढच्या वेळी ती स्ट्रिप हातात आली, तर फ्लेमिंग यांच्या गोष्टीतली ती बायको आठवा. तिने तर एकही गोळी घेतली नव्हती.