भास्कराचार्य आणि वडिलांची सुतळी

माझे वडील गवंडीकाम करतात. पाया आखताना ते कोपऱ्यापासून एका सुतळीवर ३ फुटांची आणि दुसरीवर ४ फुटांची खूण करतात. त्या दोन खुणांमधले तिरके अंतर ५ फूट भरले, की कोपरा गुण्यात आला असे समजायचे. शाळेत मी पायथागोरसचा सिद्धांत पाठ केला होता. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हे परीक्षेत लिहून गुणही मिळवले. पण तो सिद्धांत आणि घरची सुतळी यांचा काही संबंध असेल, हे ध्यानातच आले नाही. ते आले कॉलेजच्या ग्रंथालयात भास्कराचार्यांविषयी वाचताना.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे आपले गाव, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. ते आजचे कोणते गाव, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत.

लीलावतीतली उदाहरणे वाचताना गणित वाचतो आहोत असे वाटतच नाही. ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकतो. मग तो किती उंचीवर मोडला? दुसऱ्या उदाहरणात ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे आणि साप २७ हातांवरून बिळाकडे येतो आहे. मोर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ कोठे पडेल? दोन्ही उत्तरे १२ हात येतात. मी ती सोडवली तेव्हा एका त्रिकोणाच्या बाजू १२, १६, २० आल्या आणि दुसऱ्याच्या ९, १२, १५. वडिलांचे ३, ४, ५ चौपट आणि तिप्पट होऊन समोर उभे होते!

हा नियम भास्कराचार्यांनी शोधलेला नव्हे. यज्ञवेदी आखण्यासाठी तो शुल्बसूत्रांत त्यांच्या कितीतरी आधी आलेला आहे. पण तो खरा का, हे त्यांनी बीजगणितात दाखवून दिले. त्यांनी १५ आणि २० बाजूंचा काटकोन त्रिकोण घेतला. असे चार त्रिकोण कर्ण बाहेर ठेवून जुळवले, की एक मोठा चौरस होतो आणि मध्ये ५ बाजूचा लहान चौरस मोकळा राहतो. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०, चारांचे ६००. त्यात लहान चौरसाचे २५ मिळवले, की ६२५. म्हणजे कर्ण २५. इकडे १५ आणि २० यांच्या वर्गांची बेरीजही ६२५ च. मी जुन्या वहीचा पुठ्ठा कापून हे करून पाहिले. पाठ केलेली ओळ त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली.

त्यांच्या घरात ही विद्या वडिलांकडून मुलाकडे, पुढे नातवाकडे गेली. नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. त्याला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

आमच्या घरात नियम हातांत होता, त्याचे कारण मात्र कधी पोहोचले नव्हते. सुट्टीत मी पुठ्ठ्याचे तुकडे वडिलांपुढे मांडले. त्यांनी ते दोन-तीनदा फिरवून पाहिले. मग खोली १० फूट बाय १२ फूट असली तर तिरके माप किती भरेल, असे विचारले. आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला. ते साधारण १५ फूट साडेसात इंच आले. वडिलांनी कानावरची पेन्सिल काढून तो आकडा पुठ्ठ्यावर लिहिला आणि पुठ्ठा थापी-ओळंब्याच्या पिशवीत ठेवून दिला.