लक्ष्मणराव किर्लोस्कर: रंग न ओळखणारा चित्रकार आणि लेथचं सेंटर

भिवंडीजवळच्या राहनाळमध्ये आज मोठमोठी गोडाऊन दिसतात. पण हा सगळा पट्टा मुळात यंत्रमागांचा. माग म्हटला की शाफ्ट झिजणार, रोलर वाकडा होणार आणि तो भाग कधी ना कधी लेथवर चढणार. त्या लेथच्या स्पिंडलमध्ये एक टोकदार स्टीलचा तुकडा बसवलेला असतो, त्याला सेंटर म्हणतात. तो बसवायला दोन मिनिटं लागतात. पण असं लेथ मशीन आपल्याकडे बनायला लागलं त्यामागे जो माणूस होता, त्याचं अख्खं आयुष्य गेलं. त्याची गोष्ट मराठी मुलांना शाळेतल्या एखाद्या परिच्छेदापुरतीच माहीत असते, म्हणून हा लेख.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घरात वेदान्ताचं वातावरण होतं, पण या मुलाचा जीव चित्रांत आणि यंत्रांत. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी हा केवढा मोठा धक्का असेल, विचार करा! त्यांनी रंग सोडले, पण पेन्सिल नाही सोडली. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, हाच विषय शिकवायला लागले.

इथे थोडं थांबू या, कारण लेथ समजायची असेल तर हे ड्रॉइंगच कामाला येतं. गोल शाफ्टचं चित्र काढताना सगळ्यात आधी मधोमध एक तुटक रेषा काढतात, एक लांब तुकडा, एक छोटा, असं करत. ही रेषा शाफ्टवर कुठेच दिसत नाही, तरी सगळी मापं तिच्याच दोन्ही बाजूंना सारखी धरलेली असतात. लेथवर हीच रेषा खरी करायची असते. एक सेंटर हेडस्टॉकच्या स्पिंडलमध्ये, दुसरं समोर टेलस्टॉकमध्ये. दोघांचंही टोक ६० अंशांचं. जॉबच्या दोन्ही तोंडांना त्याच कोनाची छोटी भोकं पाडून तो या दोन टोकांमध्ये धरायचा आणि डॉग लावून फिरवायचा. मग जॉब दहा वेळा काढा-घाला किंवा उलटा करून लावा, त्याची मधली रेषा हलत नाही. चकमध्ये पकडलेल्या जॉबची अशी खात्री देता येत नाही.

आता पुन्हा लक्ष्मणरावांकडे. नोकरी करता करता ते अमेरिकेतून येणारी यंत्रांची मासिकं वाचायचे. १८८८ मध्ये भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलचं दुकान सुरू झालं. सायकल तेव्हा ७०० ते १००० रुपयांना मिळायची आणि चालवायला शिकवायचे वेगळे १५ रुपये! आजच्या भाषेत सांगायचं तर महागडा फोन विकून वर वापरायचा क्लास घेण्यासारखं. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

तिथे त्यांनी कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. नांगर शेतकऱ्यांना पटेना. लोखंडाने जमिनीत विष उतरतं अशी तेव्हा समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. मला वाटतं, या दोन वर्षांबद्दल आपण फार कमी बोलतो. कारखाना आहे, माल तयार आहे आणि घ्यायला कुणी येत नाही, यात माणूस मोडतो.

ते मोडले नाहीत. धंदा जरा रुळावर येतोय तोवर बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरानाची जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. १९१० मध्ये निवडुंग आणि साप असलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात बाहेरून लोखंड येईना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवून त्या वितळवल्या आणि त्यांचे नांगर केले.

पण लोखंडाची सोय झाली तरी ते कापायचं कशावर? लेथ बहुतेक परदेशातूनच यायची. दुसऱ्या महायुद्धात ती वाटही अवघड झाली. १९४१ मध्ये किर्लोस्करांनी म्हैसूर संस्थानात हरिहर इथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढली, खास मशीन टूल्ससाठी. लक्ष्मणराव तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते.

लेथ बनवणं नांगरापेक्षा अवघड का, हे सेंटर बसवताना कळतं. स्पिंडलच्या आत उताराचं भोक असतं, त्याला टेपर म्हणतात. जगभर सगळ्यात जास्त चालतो तो मोर्स टेपर. अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांच्या नावाचा, आणि हे मोर्स म्हणजे ट्विस्ट ड्रिलचं पेटंट १८६३ मध्ये घेणारे. साधारण २० मिमी लांबीला १ मिमी व्यास कमी होतो. उतार इतका हळू असल्यामुळे सेंटर आत दाबलं की घर्षणानेच घट्ट धरून राहतं, स्क्रू वगैरे काही लागत नाही.

मोर्सचे नंबर असतात आणि मोठ्या तोंडाचा व्यास प्रत्येकाचा वेगळा: दोन नंबर १७.७८० मिमी, तीन नंबर २३.८२५, चार नंबर ३१.२६७, पाच नंबर ४४.३९९. गंमत म्हणजे प्रत्येक नंबरचा उतारही किंचित वेगळा. म्हणून ‘जवळपास बसतंय’ म्हणून चालत नाही. हेडस्टॉकचं भोक सहसा मोठं असतं आणि तुमच्याकडचं सेंटर लहान, तेव्हा मध्ये टेपर अडॅप्टर घालतात. वर्कशॉपमध्ये त्याला स्लीव्ह म्हणतात. बाहेरून मोठा नंबर, आतून लहान.

बसवताना आधी मेन स्विच बंद. भोक, स्लीव्ह आणि सेंटर कापडाने पुसा. लोखंडाचा बारीक कीस किंवा जुन्या ठोक्याने उठलेली कड आत राहिली तर सेंटर तिरकं बसतं. मग हाताने एकदाच ठाम दाबा, हातोडी नको. काढताना स्पिंडलच्या मागून पोकळीतून पितळी दांडा घालून हलकेच ठोका आणि पुढून सेंटर कापडात धरा, नाहीतर टोक खाली पडून बोथट होईल. एका स्लीव्हमध्ये दुसरी घालणं शक्यतो टाळा, कारण प्रत्येक जोडाची चूक पुढच्यात मिसळते.

बसवल्यावर डायल इंडिकेटर टोकाच्या उतारावर टेकवून स्पिंडल हाताने फिरवा. काटा हलला तर सेंटर डगमगतंय. एकाच बाजूने टर्निंग करताना हे कळत नाही. जॉब उलटा करून लावला की दोन्ही बाजूंच्या गोलाईत पायरी दिसते. मागाचा रोलर असा निघाला तर बेअरिंग लवकर जातं. टेलस्टॉकचं साधं सेंटर फिरत नाही, त्यामुळे तिथे ग्रीस लागतंच.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. हरिहरची कंपनी पुढे बंद पडली, पण तिची मशीन्स अजून चालतात आणि जुन्या बाजारात विकायला येतात. अशी लेथ घ्यायला गेलात तर रंग कितीही नवा दिसो, आधी स्पिंडलच्या भोकात बोट फिरवून चरे लागतात का बघा, आणि विकणाऱ्याला विचारा की मूळ स्लीव्ह सोबत मिळणार आहे की नाही.