ॲक्सेल क्रोनस्टेट: ‘उकळणारा दगड’ शोधणारा माणूस

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हार्ड वॉटर सॉफ्ट करायची झिओलाइट पद्धत आपल्यापैकी अनेकांनी पाठ केलीय. मीपण केली. ‘झिओलाइट’ हा शब्द ज्याने दिला, त्याची गोष्ट मात्र मला सिलॅबसपेक्षा भारी वाटते.

आधी निकेल

ॲक्सेल क्रोनस्टेट १७२२ साली स्वीडनमध्ये जन्मला. शिकला उप्सालाला, काम केलं खाणींमध्ये. तांब्यासारखं दिसणारं, पण तांबं न देणारं एक खनिज असायचं. जर्मन खाणकामगार ते भुताचं काम मानायचे. १७५१ मध्ये क्रोनस्टेटने लोस इथल्या कोबाल्टच्या खाणीतल्या खनिजातून एक पांढरा, टणक धातू काढला आणि पुढे त्याच भुताचं नाव त्याला दिलं: निकेल. आज अनेक फोनच्या बॅटरीत निकेल असतं!

पण अनेक रसायनशास्त्रज्ञांना हे पटेना. त्यांच्या मते हे नुसतं कोबाल्ट, लोखंड वगैरेचं मिश्रण होतं. १७६५ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी क्रोनस्टेट गेला. निकेल खरंच वेगळं मूलद्रव्य आहे हे टोर्बर्न बर्गमनने दाखवलं १७७५ मध्ये.

मग दगड उकळला

नळीतून फुंकून दिव्याची ज्योत खड्यावर सोडायची, ही क्रोनस्टेटची आवडती पद्धत. १७५६ मध्ये एक खनिज असं तापवताना ते फसफसून फुगलं, जणू उकळतंय. ग्रीकमध्ये उकळणे म्हणजे ‘झिओ’, दगड म्हणजे ‘लिथोस’. झालं नाव तयार. आत काय चाललंय हे कळायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. तरी त्याने ही गोष्ट वेगळी म्हणून नोंदवून ठेवली, आणि पुढच्यांना धागा मिळाला.

शंभर वर्षांनी, १८५८ मध्ये समजलं की झिओलाइट आयनांची अदलाबदल करतो. सांगाडा तसाच राहतो. पाण्यातला एक कॅल्शियम आत येतो, दोन सोडियम बाहेर जातात. विद्युतभाराचा हिशेब जुळला की झालं.

नॅनोट्यूबचा संबंध काय?

हीच युक्ती नॅनोट्यूब बनवताना लागते. १९९८ मध्ये जपानमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची पूड कडक, गरम कॉस्टिक सोड्यात ठेवून नळ्या बनवल्या गेल्या. या पद्धतीत सोडियम थरांमध्ये अडकतो. सौम्य ॲसिडने धुतलं की सोडियम बाहेर, हायड्रोजन आत. मग बेताने तापवलं की पाणी उडून जातं आणि उरते ऑक्साइडची पोकळ नळी, जाडी जेमतेम ८-१० नॅनोमीटर. हायड्रोजनच्या जागी दुसऱ्या धातूचे आयनही बसवता येतात.

आणि हो, झिओलाइट बघायला स्वीडनला जायची गरज नाही. पुणे, नाशिक, जळगावच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत ते भरपूर सापडतात. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये एकदा नक्की बघा.