एल्फिन्स्टन सर्कलचा कर्ता : चार्ल्स फॉर्जेट

रास अल खोर (दुबई) : या परिसरात घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाच्या कानावर ‘टाउनहाऊस’ हा शब्द लवकरच पडतो. भिंतीला भिंत लावून उभी असलेली, बाहेरून एकाच प्रासादासारखी भासणारी आणि आत मात्र स्वतंत्र दारांची घरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्लंडच्या रीजन्सी काळात, जॉन नॅश या वास्तुशिल्पीने ही कल्पना वैभवाला नेली. लंडनचे त्याचे पार्क क्रेसेंट पूर्ण वर्तुळ व्हायचे होते. १८१२ मध्ये काम सुरू झाले, पण कंत्राटदाराचे दिवाळे निघाले आणि वर्तुळ अर्धेच राहिले. अर्ध्या शतकाने तोच घाट मुंबईत उतरला. तो उतरवण्यात ज्याचा पुढाकार होता, तो वास्तुशिल्पी नव्हता. तो पोलीस अधिकारी होता.

चार्ल्स फॉर्जेटचा जन्म १८१० च्या सुमारास झाला. वडील मद्रासच्या तोफखान्यात होते. मिश्र वंशाचा हा मुलगा हिंदुस्थानातच वाढला आणि इथल्या भाषा त्याने अस्खलित आत्मसात केल्या. मराठीचा सरकारी भाषांतरकार म्हणूनही त्याने काम केले. वेषांतर करून गर्दीत मिसळण्याच्या त्याच्या कौशल्याच्या आख्यायिका मुंबईत दीर्घकाळ सांगितल्या जात. १८५५ मध्ये शहराच्या पोलीस दलाची सूत्रे त्याच्या हाती आली.

दोन वर्षांनी हीच भाषा शस्त्र ठरली. १८५७ च्या दिवाळीत मुंबईतील शिपाई उठाव करणार असल्याचा सुगावा लागताच, सोनापुरातील गंगाप्रसाद नावाच्या इसमाच्या घरात दडून त्याने त्यांची खलबते ऐकली. पलटणीच्या अधिकाऱ्यालाही तेथे नेऊन ती ऐकवली. लष्करी न्यायालयाने निकाल दिला आणि त्याच ऑक्टोबरात सय्यद हुसेन व मंगल गाडिया या दोघांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. इंग्रजांच्या लेखी फॉर्जेट मुंबईचा तारणहार झाला.

पुढे म्युनिसिपल कमिशनरांपैकी एक या नात्याने त्याची नजर टाउन हॉलसमोरच्या जागेकडे वळली. कधी काळी ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणून मिरवणाऱ्या या मैदानात कापसाच्या गासड्या रचल्या जात. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलला, तेव्हा मागे उरली धूळ आणि कचरा. फॉर्जेटने सुचवले की मध्ये बाग आणि भोवती वर्तुळाकार इमारती असाव्यात. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्याच्यानंतर सर बार्टल फ्रिअर यांनी पाठबळ दिले. पालिकेने जागा घेतली, भूखंड पाडून विकले, आणि नफाही कमावला. काळही अनुकूल होता. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत लोटत होता.

मालक निरनिराळे, दर्शनी रूप एकच : शिस्त पूर्णतः लंडनची. पण तळमजल्यावरच्या कमानींखाली सलग पडवी आहे, आणि मुंबईच्या उन्हापावसात तिचे मोल वेगळे सांगायला नको. या इमारती मात्र बिऱ्हाडांसाठी नव्हत्या. त्या पेढ्या आणि कचेऱ्यांसाठी होत्या. इंग्लंडमध्ये कुटुंबासाठी घडलेला साचा इथे व्यापारासाठी वापरला गेला, हा बदल वास्तुकलेच्या पुस्तकांत फारसा अधोरेखित होत नाही. बाग पूर्ण झाली १८७२ मध्ये. ती पाहायला फॉर्जेट मुंबईत नव्हता.

१८६४ मध्ये तो निवृत्त झाला. इथल्या कापूस व्यापाऱ्यांनी त्याला कृतज्ञतेपोटी १,५०० गिनींची भेट दिली. इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायरात बांधलेल्या घराला त्याने मुंबईच्या कावसजी जहांगीर यांचे नाव दिले. २७ जानेवारी १८९० रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले.

स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टन सर्कलला नवे नाव मिळाले, तेही एका इंग्रजाचेच : ज्या संपादकाला १९१९ मध्ये सरकारने हद्दपार केले होते, त्या बी. जी. हॉर्निमन यांचे. फॉर्जेटचे नाव ताडदेवच्या बाजूच्या एका रस्त्याला उरले आहे. सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांचे स्मारक आझाद मैदानात आहे.