मेरी लँब आणि तिचा भाऊ

शेक्सपियरच्या नाटकांच्या गोष्टी मुलांसाठी लिहिणारा चार्ल्स लँब आपल्याकडील जुन्या घरांत बहुतेकांना ठाऊक असतो. मराठी लघुनिबंधाची चर्चा निघाली की ‘एलिया’ या नावाने निबंध लिहिणारा म्हणूनही त्याची आठवण निघते. त्याचे आपल्याशी आणखी एक नाते आहे. ज्या ईस्ट इंडिया कंपनीने १८१८ साली होळकरांशी मंदसोरचा तह केला, तिच्याच लंडनच्या कचेरीत हा गृहस्थ तेव्हा चहाचे आणि निळीचे हिशेब लिहीत बसलेला होता. अशी ३३ वर्षे त्याने काढली. एवढ्या रसिक माणसाने ही रुक्ष कारकुनी का सोडली नाही, हे समजण्यासाठी त्याच्या बहिणीची हकिकत पाहावी लागते.

मेरी त्याच्याहून दहा वर्षांनी वडील. १७९६ साली या घरात बुद्धी मंदावलेले वडील, अंथरुणाला खिळलेली आई आणि एक वृद्ध आत्या अशी माणसे होती. मेरी दिवसभर बायकांचे कपडे शिवून चार पैसे मिळवी आणि रात्री आईची शुश्रूषा करी. झोप अशी तिला नव्हतीच. पूर्वी एकदा तिला भ्रम झालेला होता. त्या सप्टेंबरात पुन्हा लक्षणे दिसू लागली, तेव्हा २२ तारखेला सकाळीच चार्ल्स डॉ. पिटकेर्न यांच्याकडे धावला. डॉक्टर घरी नव्हते. दुपारी जेवणाची मांडामांड चालू असता मेरी हातात सुरी घेऊन शिवण शिकणाऱ्या मुलीच्या मागे लागली, आई तिला आवरू गेली, आणि घाव आईच्या वर्मी बसला. वडिलांच्या कपाळालाही जखम झाली. चार्ल्सने तिच्या हातून सुरी काढून घेतली तेव्हा सारे होऊन चुकले होते.

त्याचे वय त्या वेळी २१ वर्षांचे. त्याच वर्षाच्या आरंभी तो स्वतः हॉक्सटनच्या वेड्यांच्या इस्पितळात सहा आठवडे राहून आला होता.

पंचांनी मेरीला वेडाच्या भरात हे कृत्य घडले असा निर्णय दिला. थोरल्या भावाचे म्हणणे, तिला बेडलमच्या इस्पितळात कायमची ठेवावी. चार्ल्सने ते मानले नाही. घराचे उत्पन्न वर्षाला सुमारे १७०–१८० पौंड. त्यातून ५०–६० पौंड बाजूला काढून त्याने तिला इस्लिंग्टन येथील एका खासगी इस्पितळात ठेवले आणि तिची जबाबदारी आपण घेतो असे कबूल केले. १७९९ साली वडील वारले, तेव्हा ती त्याच्या घरी आली. हे सारे वेळेवर घडले म्हणायचे. १८०० साली हॅडफील्ड नावाच्या वेड्या शिपायाने राजावर गोळी झाडली आणि लगोलग अशा आरोपींना बेमुदत कैदेत ठेवण्याचा कायदा झाला. चार वर्षांनी प्रसंग ओढवता तर मेरीला घर पुन्हा दिसते की नाही, याची शंकाच आहे.

पुढची पस्तीस वर्षे चाललेली व्यवस्था मोठी विचार करण्याजोगी आहे. आजार जवळजवळ दरवर्षी उलटे. आजचे डॉक्टर मागे वळून पाहताना तो उन्माद आणि औदासीन्य आळीपाळीने आणणारा विकार असावा असे म्हणतात; पण त्यावर लिथियम गुणकारी ठरते हे कळले १९४९ साली. त्या काळी हाती होते ते एवढेच, की चाहूल लवकर ओळखायची. झोप उडाली, बोलणे वाढले, चिडचिड सुरू झाली की दोघे उमजत. मग भावंडे हात धरून, डोळे पुसत, शेतांतल्या वाटेने इस्पितळाकडे चालत जात. प्रवासात हात बांधण्याचा सदरा सामानात असे, आणि तो बहुधा मेरीच भरी. काही आठवड्यांनी ती बरी होऊन परत येई.

चार्ल्सच्या त्यागाचे गोडवे पुष्कळांनी गायिले आहेत, ते खोटे नाहीत. पण अर्धा भार मेरीने उचलला होता हे आपण विसरतो. आपल्या आजाराची पहिली खूण ओळखून आपण होऊन घराबाहेर पडणे हे सोपे काम नव्हे. आणि बरी असताना ती केवळ कोणी सांभाळावी अशी दुबळी बाई नव्हती. १८०७ सालच्या त्या गोष्टींपैकी १४ तिच्या, ६ चार्ल्सच्या. मुखपृष्ठावर नाव मात्र त्याचे एकट्याचे. कोलरिज, वर्डस्वर्थ, हॅझलिट हे त्यांच्या घरी येत, ते तिच्याशीही बोलायला येत.

किंमत मोजावी लागलीच. कुजबूज पसरली की बिऱ्हाड हलवावे लागे. चार्ल्सला मद्याची सवय जडली. १८१९ साली त्याने फॅनी केली या नटीला मागणी घातली, तिने नकार दिला, आणि तो अविवाहितच राहिला.

१८३३ साली तो एडमंटनला, मेरीची देखभाल करणाऱ्या कुटुंबातच, राहायला गेला. पुढच्याच वर्षी २७ डिसेंबरला तो वारला. मेरी त्याच्यामागे बारा वर्षे जगली आणि १८४७ साली त्याच थडग्यात तिला जागा मिळाली. टॅलफोर्ड या स्नेह्याने १८३७ साली लँबची पत्रे छापली होती, पण मेरी हयात म्हणून १७९६ ची ती हकिकत त्यातून गाळली होती. ती त्याने छापली १८४८ साली.