दोन उत्तरं देणारा चेंडू आणि अल-ख्वारिझ्मी

दहावीच्या वर्गात सरळ वर फेकलेल्या वस्तूचं उदाहरण घेतलं की आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. उत्तरं दोन आली, मग खरं कोणतं? तेव्हा आम्ही मुलांना मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिझ्मी यांची गोष्ट सांगतो.

त्यांचा जन्म इ.स. ७८० च्या सुमारास झाला. मध्य आशियातल्या ख्वारिझ्म प्रदेशावरून त्यांचं नाव पडलं. खलिफा मामून यांच्या काळात ते बगदादच्या बैतुल हिकमतमध्ये काम करत. खगोल आणि भूगोलावर त्यांनी लिहिलंच, पण हिंदुस्थानी अंकांनी हिशोब कसा करावा, हेही लिहिलं.

त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ ‘अल-जब्र’चा. बीजगणिताचं इंग्रजी नाव याच शब्दावरून आलं. मीरास, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदणं यांत लोकांना उपयोग व्हावा म्हणून त्यांनी तो लिहिला. ग्रंथाचा मोठा भाग वारसांच्या वाटणीचाच आहे. त्यात चिन्हं नाहीत, सगळं शब्दांत.

त्यातलं एक समीकरण असं: एका संख्येचा वर्ग अधिक २१, बरोबर त्या संख्येची १० पट. रीत सोपी आहे. दहाचं अर्धं ५, त्याचा वर्ग २५, त्यातून २१ गेले, उरले ४, वर्गमूळ २. पाचातून २ वजा केले तर ३, मिळवले तर ७. दोन्ही उत्तरं बरोबर.

आता सेकंदाला ५० मीटर वेगाने चेंडू सरळ वर सोडा. गुरुत्वत्वरण १० धरा, हवेचा विरोध सोडून द्या. सेकंदांची ५० पट वजा सेकंदांच्या वर्गाची ५ पट, ही झाली उंची. ती १०५ मीटर कधी होईल? पाचाने भागलं की वरचंच समीकरण मिळतं. ३ सेकंदांनी चेंडू वर जाताना तिथे असतो, ७ सेकंदांनी खाली येताना.

२१ च्या जागी २५ पेक्षा मोठी संख्या आली तर उत्तर नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. १३० मीटरसाठी २६ येतात, म्हणजे चेंडू तिथे पोहोचतच नाही. १२५ मीटरला बरोबर २५ येतात. उत्तर एकच, ५ सेकंद. तेच चेंडूचं टोक.

अल-ख्वारिझ्मींनी चेंडूचा विचार केला नव्हता. पडणाऱ्या वस्तूचा नियम गॅलिलिओने १६३८ मध्ये छापला. पण ते समीकरण सोडवायची रीत तोवर आठशे वर्षं जुनी झाली होती.

इ.स. ८५० च्या सुमारास ते वारले. ११४५ मध्ये ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, युरोप त्यावर शिकला. आणि आपल्या घरात मात्र मुलांसमोर सहज बोललं जातं की गणित आपलं काम नव्हे. पालकांनो, एवढं वाक्य तेवढं बंद करूया.