टर्बोला पेट्रोल किती लागतं? शिलिंगबाईंच्या पितळी टिकलीची गोष्ट

गाडीला टर्बो बसवायचा म्हटला की चर्चा सुरू होते ती बूस्टवर. इंधनाचा विचार सगळ्यात शेवटी. बिअट्रिस शिलिंग यांचं नाव म्हणूनच माहीत असायला हवं.

जन्म १९०९ चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशायरचा. चौदाव्या वर्षी मोटरसायकल घेतली. १९३२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, पाठोपाठ मेकॅनिकलमधलं पुढचं शिक्षण, आणि मग सुपरचार्ज केलेल्या एका सिलिंडरच्या इंजिनावर संशोधन. १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ५०० सीसी नॉर्टन ताशी १०६ मैलांनी (साधारण १७० किमी) पळवून गोल्ड स्टार मिळवला. त्या काळात! १९३६ मध्ये त्या फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत लागल्या आणि पुढे कार्ब्युरेटरच्या कामात रमल्या.

१९४० साली तिथे एक गंभीर तक्रार आली. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनाला सुपरचार्जर होता (टर्बोचाच भाऊ, फक्त एक्झॉस्टऐवजी इंजिनाच्या शाफ्टवर फिरणारा) आणि इंधन द्यायला फ्लोटचा कार्ब्युरेटर. पायलटने विमानाचं नाक झटकन खाली घातलं की पेट्रोल फ्लोट चेंबरच्या वरच्या बाजूला फेकलं जायचं आणि इंजिन क्षणभर अडखळायचं. त्यानंतर फ्लोटचा हिशोबच उलटायचा, नीडल व्हॉल्व्ह सताड उघडायचा, पंप पेट्रोल ओतत राहायचा आणि मिश्रण इतकं रिच व्हायचं की इंजिन बंद. जर्मन मेसरश्मिटला थेट इंजेक्शन होतं. तो सरळ खाली सूर मारून निसटायचा.

मग ब्रिटिशांनी इंजेक्शन का नाही घेतलं? तो काही अडाणीपणा नव्हता. सुपरचार्जरच्या आधी पेट्रोल मिसळलं की ते वाफ होताना हवा थंड करतं. थंड हवा दाट, म्हणजे ताकद जास्त. आणि लढाई चालू असताना सगळी इंजिनं बदलणार कशी?

शिलिंगबाईंनी उलट बाजूने विचार केला. पूर्ण ताकदीवर इंजिन जास्तीत जास्त किती पेट्रोल पिऊ शकतं? तेवढंच जाईल असं भोक असलेला एक छोटा पितळी तुकडा त्यांनी इंधनाच्या नळीत बसवला. पंपाने कितीही जोर लावला तरी चेंबर तुंबणार नाही. पुढे त्याची साधी वॉशरसारखी टिकली झाली. मेकॅनिक मंडळींनी तिला जरा वाह्यात नावही ठेवलं, ते जाऊ दे.

खरी मेख भोकाच्या मापात आहे. लहान झालं तर पूर्ण बूस्टवर मिश्रण लीन होणार, इंजिन नॉक करणार, पिस्टन वितळू शकणार. म्हणून मापं दोन केली: १२ पीएसआय बूस्टला एक, १५ पीएसआयला दुसरं. १९४१ मध्ये बाई स्वतः मोटरसायकलवरून विमानतळोविमानतळी फिरल्या आणि आपल्या छोट्या टीमसोबत टिकल्या बसवून आल्या. विमानं मोडून ठेवावी लागली नाहीत. अर्थात सुरुवातीचं अडखळणं पूर्ण गेलं नाही आणि उलटं उडत राहणंही जमलं नाही. त्यासाठी १९४३ मध्ये प्रेशर कार्ब्युरेटर आला.

आजच्या टर्बो प्रोजेक्टमध्ये हाच हिशोब आहे. मूळ ईसीयू ठेवून रायझिंग रेट रेग्युलेटर लावला तर बूस्टबरोबर इंधनाचा दाब वाढतो. पण त्याच इंजेक्टरमधून दुप्पट पेट्रोल हवं असेल तर इंजेक्टरवरचा दाब चौपट लागतो, आणि दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. त्यामुळे हा उपाय थोड्या बूस्टपुरताच. जास्त हवा असेल तर मोठे इंजेक्टर आणि ट्यून करता येणारा स्टँडअलोन ईसीयू घ्या, पैसे तिथेच घाला. आणि काहीही खरेदी करण्याआधी पूर्ण बूस्टला किती इंधन लागेल ते काढा.

शिलिंगबाई १९६९ पर्यंत फार्नबरोलाच होत्या. युद्धानंतर त्या मोटारींच्या शर्यतीत उतरल्या, नवराही जोडीला. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये त्या वारल्या.